पाच तारे आणि लोखंडी गार्ड

माणसाचा जीव अनमोल आहे. आणि किंमतच ठरलेली नसल्यामुळे गाडीपुढे तो नेहमी मागे पडतो.

साबणाच्या कारखान्यातले सुरक्षा अधिकारी हे जाणून होते. त्यांनी गाडी घेतली ती पाच ताऱ्यांची, सहा एअरबॅगांची. समोर माणूस आला की ती आपली आपण ब्रेक लावी. एवढी सुरक्षित गाडी खराब होऊ नये म्हणून साहेबांनी तातडीने उपाययोजना केली. सीटमधल्या एअरबॅगांवर धूळ बसू नये म्हणून वरून जाड कव्हरं शिवून घेतली. पट्टा न लावल्यास घंटा वाजते (हट्टी पोराच्या चिकाटीने), म्हणून पट्ट्याच्या खाचेत नुसतीच क्लिप खोचली. घंटेचं समाधान झालं. राहता राहिला पुढचा लोखंडी गार्ड.

फिटर जरा चाचरला. "साहेब, बॉनेट मुद्दाम मऊ ठेवतात. कुणाला धक्का लागला तर ते चेपतं, माणूस वाचतो. शिवाय हा पाइप ब्रेक लावणाऱ्या सेन्सरच्या आड येतोय."

"म्हणजे चूक त्याची आणि चेपायचं माझ्या गाडीनं? बसव तू."

मंगळवारी संध्याकाळी साहेब सुरक्षा सप्ताहाच्या भाषणाला निघाले. सोसायटीच्या फाटकाशी क्लिप निसटली आणि घंटा सुरू झाली. क्लिप शोधायला साहेब खाली वाकले, ब्रेकवरचा पाय सुटला, गाडी हळूच पुढे सरकली. फाटकातून त्यांचे वडील, अण्णा, फिरून परत येत होते. गाडीचा डोळा गार्डआड झाकलेला. तिला काही अण्णा दिसले नाहीत.

नुकसानीचा तपशील पुढीलप्रमाणे: गाडी, निरंक. अण्णा, उजवा पाय, दोन ठिकाणी.

इस्पितळात अण्णांनी डोळे उघडले. "गाडीला लागलं का रे?"

"नाही, अण्णा."

"मग बरं झालं."

साहेब व्हरांड्यात जाऊन रडले. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. अण्णा पुन्हा चालतील का, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भेटायला चौदा जण आले. पैकी तेरा जणांनी आधी खाली उभी असलेली गाडी निरखली. (चौदाव्याकडे गाडी नव्हती, तो पायाबद्दल बोलला.)

"एवढं होऊन साधा ओरखडा नाही हो. हा गार्ड कुठून बसवलात?" शेजारी म्हणाले.

"मी तो काढून टाकतोय."

"टाकू नका, मला द्या."

बाकीच्या बारा जणांनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला. तो इथे मुद्दाम दिलेला नाही, कारण तुम्हीही विचारणार होतात. त्याआधी एवढं सांगा, तुमच्या घरातलं संध्याकाळी फिरायला कोण जातं?