आमचे लोटांगण

विटेएवढ्या जागेत उभे राहूनही ज्याचा तोल कधी ढळला नाही, त्या सावळ्या परब्रह्माला माझा दंडवत. (हा दंडवत मनोमनच घालतो आहे. देहाने घातलेल्या दंडवताचे काय झाले, तेच आता निवेदन करावयाचे आहे.)

श्रोतेहो, चाकणच्या कारखान्यात ज्याने उभे आयुष्य गाड्यांच्या चाकांचे बॅलन्सिंग करण्यात वेचले, त्यालाच उतारवयात स्वतःचा तोल आवरू नये, यातही त्या नाटकी देवाचा काही हेतू असावा. गेल्या दिवाळीत, अंगाला उटणे लावलेल्या अवस्थेत, मी न्हाणीघरात पडलो. सूनबाई वर्षालीने दुसऱ्याच दिवशी चार पायांची काठी आणली, आणि आमच्या सौभाग्यवती इंदुताईंनी आपल्या मावळी बोलीत निकाल दिला, "पुन्यांदा पडलात, तर सप्ताहात वीणा न्हाई. सांगून ठेवते, अर्जुनराव!" (एरवी मी 'अहो' असतो. नावाने हाक आली, की निकालावर अपील नसते.)

वीणा नाही! वाकडच्या आमच्या सोसायटीच्या मंदिरात मार्गशीर्षात अखंड नामसप्ताह होतो. तो चालू असेपर्यंत वीणा भुईला टेकत नाही. ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे, त्याने आपला पहारा संपेपर्यंत उभे राहावयाचे असते. माझा पहारा दुपारचा. मी वर्षभर त्याचीच वाट पाहतो. वीणा गळ्यात आली, की वाटते, आपण उभे नाहीच. कोणीतरी आपल्याला अलगद धरून ठेवले आहे.

आता एका हाताने वीणा सावरावयाची, दुसऱ्या हातात चिपळ्या. मग काठी कोणत्या हातात? (जादा हात देण्याची सोय केवळ देवादिकांत आहे.) म्हणून सप्ताह सुरू झाला त्या दुपारी मी एक लहानसा निर्णय घेतला. काठी तुळशीच्या कुंडीमागे लपविली आणि थंडीचे लोकरी मोजे चढवून लिफ्टने खाली उतरलो.

चपला मंदिराबाहेर काढल्या. मोजे पायांतच राहिले. संगमरवरी फरशी नुकतीच पुसलेली होती. तिच्यात समया उलट्या तेवत होत्या, जणू जमिनीखाली दुसरे एक मंदिर असावे आणि तेथेही हेच नाम चालू असावे. त्या खालच्या मंदिराकडे पाहत मी आत शिरलो. पुढचे पाऊल मी टाकलेच नाही. ते आपणहून गेले.

"अगं आई गं!"

श्रोतेहो, पडणे इतके सावकाश असते, हे मला ठाऊक नव्हते. पवनेच्या पाण्यावरून पिंपळपान जावे, तसा मी गेलो. टाळ दूर दूर गेले. गालाला गार संगमरवर लागला. दोन्ही हात देवाकडे पसरले गेले आणि विठ्ठलाची पावले थेट डोळ्यांसमोर आली. इतक्या जवळून मी ती कधीच पाहिली नव्हती. वाटले, आता उठावयाचे कशाला? (घोट्याचेही हेच मत पडले.)

"पाहिलंत?" भजनी मंडळाचे अध्यक्ष अण्णासाहेब गहिवरले. "विठाईला 'आई' म्हणून हाक मारली आणि देह टाकून दिला! याला म्हणतात लोटांगण!"

येथे मी खरे बोलावयास हवे होते. पण 'पडलो' म्हणावे, तर वीणा गेली! मी खोटेही बोललो नाही. नुसता पडून राहिलो.

एवढ्यात अण्णासाहेबही आडवे झाले. त्यांच्यामागून सगळे टाळकरी. बघता बघता भजनी मंडळ वाळत घातलेल्या पापडांसारखे फरशीवर पसरले. सगळे साठीच्या पुढचे. उभा राहिला तो एकटा चाळिशीतला जयसिंग, कारण वीणा त्याच्या गळ्यात होती आणि ती घेणारा मी भुईवर होतो.

"अर्जुनराव," अण्णासाहेब कुजबुजले, "उठताय ना?"

"आधी तुम्ही."

"छे! आरंभ तुमचा, मान तुमचा."

"मानाचं राहू द्या हो. तुम्ही वडीलधारे."

अण्णासाहेबांनी एक कोपर टेकून पाहिले.

"खरं सांगू का? माझा गुडघा धरलाय."

"माझी कंबर!" मागून कोणी कण्हले.

"अहो, माझ्या उपरण्यावर कोण झोपलंय?"

"काका!" जयसिंग रडकुंडीला आला. "माझी सेकंड शिफ्टची बस गेटवर आलीये! कुणीतरी वीणा घ्या!"

"खाली ठेवू नकोस!" आडवे मंडळ एका सुरात गरजले.

"मग उठा की राव!"

"प्रयत्न चालू आहे!"

"हात देऊ का?"

"वीणेवरचा हात काढू नकोस!"

गेटवर कंपनीची बस हॉर्न देत होती. मला तो शंखनाद वाटला. बहुधा मी वैकुंठाच्या वाटेवर असावा.

तेवढ्यात ओळखीची पावले वाजली. पाठोपाठ चार पायांचा खटखटाटही. इंदुताईंना कुंडीमागची काठी सापडली होती.

"काय हो, पडलात व्हय?"

"लोटांगण आहे," मी फरशीला सांगितले.

"वहिनी, काय ही भक्ती!" अण्णासाहेब फरशीवरूनच म्हणाले. "'आई' म्हणून काय आर्त हाक मारली!"

"'अगं आई गं' अशी?"

"हो, हो! अगदी अशीच!"

"न्हाणीघरात बी ह्येच म्हनले हुते. तिथं कुठली विठाई बसली हुती?"

आडवे मंडळ हसू लागले. पोटे हलत होती, देह मात्र उठत नव्हते. इंदुताईंनी माझ्या पसरलेल्या हातात काठी ठेवली. "आण रं जयसिंग ती वीणा. जा, बस गाठ," असे म्हणून त्यांनी वीणा गळ्यात घेतली आणि त्या माझ्या जागी उभ्या राहिल्या.

माझा पहारा गेला. पण फरशीला गाल लावून मी पाहिले, की देवाच्या पावलांसमोर त्यांची पावले आहेत. भेगाळलेली, अनवाणी, तिळभरही न हलणारी. इतक्या वर्षांत मला अलगद धरून ठेवणारे कोण होते, याविषयी त्या क्षणी माझ्या मनात थोडा गोंधळ झाला.

नंतर वॉचमनने एकेकाला उभे केले. वर्षालीने माझ्या घोट्याला पट्टी बांधली. उरलेला सप्ताह मी मंदिराच्या दारात, सुजलेला पाय स्टुलावर ठेवून, खुर्चीत बसून काढला. लोटांगणाची कीर्ती तोवर सर्व इमारतींत पोचली होती. येणारा प्रत्येक भाविक माझ्या पाया पडे. पाय एकच समोर असल्याने तोच धरी, घट्ट धरी.

"अगं आई गं!" मी ओरडे.

आणि अण्णासाहेब डोळे पुसत म्हणत, "ऐका! तीच हाक!"

श्रोतेहो, तुमच्या घरची फरशी कोरडी राहो, वडीलधाऱ्यांची काठी त्यांच्या हाताशी राहो, आणि ज्याचा तोल जाईल, त्याला सावरणारे कोणीतरी प्रत्येक उंबऱ्याच्या आत असो. सर्वांचे कल्याण होवो. (आणि नमस्कार लांबूनच करा. पोचतो.)