पाटावरच्या तीन डिस्क

दसऱ्याला हत्यारं पुजावीत, पण त्यांना न्हाऊ घालू नये, एवढं संपदाला कोणी सांगितलं नव्हतं. वसईतल्या प्लासिडच्या फोटो स्टुडिओत ती काउंटर सांभाळायची. नव्या डब्यात बसवायच्या म्हणून प्लासिडने कॉम्प्युटरच्या तिन्ही डिस्क काढून त्यांवर स्केचपेनने एक, दोन, तीन असं लिहून ठेवलं होतं. संपदाने त्या कॅमेऱ्याशेजारी पाटावर मांडल्या, फुलाने पाणी शिंपडलं, वर पंचामृताचा चमचा फिरवला. आकडे धुऊन गेले आणि एक डिस्क पंचामृत पोटात घेऊन कायमची शांत झाली. प्लासिडने घाबरून मशीनला भलताच हुकूम दिला, तेव्हा कोणती डिस्क कितवी ही आतली नोंदही पुसली गेली.

दुसऱ्या दिवशी नेमका काशीराम आला, पिंकीच्या लग्नाची सीडी न्यायला. लेकीचं लग्न वैशाखातलं. पेरणी झाली की नेऊ, लावणी झाली की नेऊ, असं करता करता गणपतीत त्याची बायको जागृती गेली. फोटो म्हटला की तोंडावर पदर घेणारी बाई. हलती-बोलती अशी ती आता फक्त या डिस्कांवर उरली होती, आणि त्यांना झेंडूचा वास येत होता.

"दुसरी कॉपी नाय?"

"नाही, काशीरामभाऊ. पण एक गेली तरी उरलेल्या दोघी मिळून सगळं सांगतात. फक्त कोणी कुठे बसायचं ते कळलं पाहिजे. सहा प्रकार आहेत, एकेक करून बघतो."

उघड्या डिस्क तापत होत्या, म्हणून टेबलफॅन त्यांच्याकडे वळवून प्लासिड काळ्या पडद्यावर हुकूम बडवू लागला.

"ह्यो मदी सारखा कोनता शब्द येतो?"

"मिसिंग. गेलेल्या डिस्कच्या जागी हे लिहायचं. मग तिच्या वाटचं काम बाकीच्या दोघी ओढतात."

"चालते असं?"

"चालतं. जरा हळू चालतं."

महिनाभर काशीराम आणि मुलगा सोनू घर तसंच ओढत होते, आणि फारच हळू.

चार प्रकार फुकट गेले. संपदाने कोपऱ्यात हात जोडले.

"देवाचं काल झालं तेवढं पुरे," प्लासिड म्हणाला.

पाचव्या खेपेला मांडव दिसला. पण जागृती अख्ख्या लग्नात पाठमोरी. कॅमेरा जवळ गेला की पदर वर. काशीरामच्या डोळ्यांत पाणी आलं; एवढं करून तोंड दिसेना. इतक्यात पदराआडून तिचा आवाज आला.

"अवो, तो पंखा बंद करा आदी. दिवा इझल."

काशीराम उठला, स्टुडिओतल्या पंख्याचं बटण बंद केलं आणि परत स्टुलावर येऊन बसला.

संपदा घाईने बटणाकडे निघाली. प्लासिडने तिला हातानेच थांबवलं. त्याने अल्बमचा एक पुठ्ठा उचलला आणि पिंकीची पाठवणी होईपर्यंत तो डिस्कांना वारा घालत राहिला.