यकृताची साक्ष

ऑफिसातल्या वार्षिक तपासणीचा रक्ताचा रिपोर्ट मुद्रितशोधकाने डॉक्टरांना पाठवायचा, तो चुकून 'आपली माणसं' या सासरच्या ग्रुपवर पाठवला. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात ज्याची हयात गेली त्याच्या हातून एवढी एकच चूक झाली, आणि ती पुसेपर्यंत सासूबाईंनी वाचलीसुद्धा.

रिपोर्टात दोन आकडे ठळक होते. एसजीओटी आणि एसजीपीटी. दोन्ही वाढलेले.

"लिव्हरचं आहे," मेहुण्याने लगेच लिहिलं. मेहुणा कोर्टात कारकून होता. निकाल टाइप करून करून ते आपणच देतो असं त्याला वाटू लागलं होतं. "लिव्हर कशाने बिघडतं ते मी सांगायला नको."

खरं म्हणजे मुद्रितशोधक इतका निर्व्यसनी, की खोकल्याच्या औषधानेही त्याला गरगरायचं. पण मध्यंतरी एक बरणी त्याला काही केल्या उघडेना. ती बायकोने फोनवर बोलता बोलता उघडली आणि वर, "राहू द्या हो, तुमचं काम डोळ्यांचं," असं मायेने म्हणाली. ती माया त्याला फार लागली. दुसऱ्या दिवसापासून ऑफिस सुटलं की तो गुपचूप व्यायामशाळेत जाऊ लागला आणि घरी 'जादा काम आहे' म्हणून सांगू लागला. दंड दिसायला लागले की सांगायचं, असा बेत होता. दंड काही दिसेनात.

संध्याकाळी सासूबाई आणि मेहुणा दारात हजर. पाणी पिऊन झाल्या झाल्या उलटतपासणी सुरू झाली.

"ताई, भाऊजी हल्ली उशिरा येतात?"

"येतात."

"जिना कसा चढतात?"

"कठडा धरून. काल तर पायरीवर बसून कण्हत होते."

"चालताना झोक जातो?"

"दोन्हीकडे."

"आल्यावर आधी काय करतात?"

"थेट अंघोळ. मग घटाघटा पाणी."

"वास घालवायचा, दुसरं काय!" सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "जावईबापू, आमच्या घराण्यात थेंबाला कुणी शिवलं नाही हो!"

मुद्रितशोधकाने तोंड उघडलं. पण समोर मेहुणा बसला होता. याला व्यायामशाळेचं कळलं, की पुढच्या प्रत्येक लग्नकार्यात 'दंड दाखवा, भाऊजी' सुरू होणार! तोंड मिटलं.

तेवढ्यात मेहुण्याने मुद्रितशोधकाच्या पिशवीतून बाटली काढली. तळाशी ताकद वाढवायच्या पावडरीचं कालचं पाणी उरलं होतं, पांढुरकं आणि आंबलेलं. मेहुण्याने हुंगलं. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.

"गावठी," तो गंभीरपणे म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात डॉक्टरीणबाईंच्या केबिनमध्ये. खुर्च्या कमी पडल्या म्हणून मेहुणा वजनकाट्यावर उभा राहिला.

"दारू घेता?" बाईंनी रिपोर्ट चाळत विचारलं.

मुद्रितशोधकाने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले. मग मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा टक लावून बघत होता.

"घेतो," मुद्रितशोधक म्हणाला. "थोडी."

केबिनमध्ये एक हुंदका आला. तो मेहुण्याचा होता.

"भाऊजी! केवढं काळीज लागतं याला!" त्याने मुद्रितशोधकाचा हात दोन्ही हातांत घेतला. "आई, आता माझ्याच्यानंही लपवत नाही. मीपण घेतो. दर शनिवारी. ते बुद्धिबळ मंडळात जातो म्हणतो ना, तिथं पटच नाहीये गं!"

सासूबाईंची पर्स खाली पडली.

"एक मिनिट," डॉक्टरीणबाईंचं लक्ष अजून कागदावरच होतं. "तुमचं बोलणं रिपोर्टाशी जुळत नाही. बिलिरुबिन छान, अल्ब्युमिन छान, जीजीटीसुद्धा नॉर्मल. दारूने हे आकडे चढतात तेव्हा जीजीटीही बहुतेक वेळा चढतं. एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये नसतं, स्नायूंतही असतं. तेच जास्त वाढलंय. काही जड उचललंत?"

असं म्हणून त्यांनी त्याचा दंड दाबला.

"आई गं!"

मग सगळं बाहेर आलं. वजनं, व्यायामशाळा, बरणी. बाईंनी हसू दाबलं. "आठवडाभर वजनं बंद. स्नायूंची एक तपासणी करू आणि रक्त पुन्हा बघू. बहुधा आकडे उतरतील. नाही उतरले तर पुढचं शोधू."

बायको आधी रडली, मग हसली, मग "अहो, वेडे की काय तुम्ही!" म्हणत तिने त्याच दंडावर चापट मारली. तो पुन्हा ओरडला.

या गडबडीत मेहुण्याने आपले हात हळूच काढून घेतले होते.

"मी आपली गंमत केली हां," तो म्हणाला. "भाऊजींना धीर यावा म्हणून."

"आणि पट?" सासूबाईंनी विचारलं.

"नवा येणार आहे, आई."

डॉक्टरीणबाईंनी कोरा कागद पुढे ओढला. "तुमचं नाव सांगा. उद्या सकाळी उपाशीपोटी या, रक्त देऊन जा."

"उद्या मला कोर्ट आहे."

"उद्या रविवार," सासूबाई पर्स उचलत म्हणाल्या. "आणि आज शनिवार. चल, आज आपण दोघं घरी बुद्धिबळ खेळू."