जानकीबाईंच्या करवंट्या

चौथं पोतं दारात उतरलं तेव्हा सुलक्षणाने कमरेवर हात ठेवले.

"अहो, खाटेखाली करवंट्या, मोरीत करवंट्या. आता ह्या कुठे ठेवू? डोक्यावर?"

जयवंत परबने पोतं दाराआड सरकवलं. पोतं घेऊन आलेला गाववाला दशरथ बशीत चहा ओतत म्हणाला, "वयनी, अजून तीन भरून तयार आसत. तुमची सासू वाडीत कोणाक एक करवंटी चुलीत घालूक देणा नाय."

सगळा घोळ जयवंतच्या एका पत्राने झाला होता. तो मुलुंडला थर्मामीटरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होता आणि कारखान्याच्या भिंतीला लागूनच असलेल्या चाळीत राहत होता. पारा म्हणजे विष, त्याची वाफ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, असं गावी कुणीतरी त्याच्या आईला, जानकीबाईंना सांगितलं. म्हातारीचं अन्नावरचं मन उडालं. मग जयवंतने धीर द्यायला लिहिलं, 'आई, घाबरू नको. पारा भरायच्या खोलीतली हवा पंख्याने ओढून एका लोखंडी टाकीत सोडतात. टाकीत नारळाच्या करवंटीचा कोळसा असतो. पाऱ्याची वाफ तो कोळसा धरून ठेवतो. धुराड्यातून साफ हवा बाहेर पडते. ती टाकी मीच सांभाळतो.'

जानकीबाईंनी त्यातलं एकच धरलं. लेकाचा जीव करवंटीवर आहे.

पहिलं पोतं आलं तेव्हाच खरं कळवायला हवं होतं, की हा कोळसा खास भट्टीत तयार होतो आणि कंपनी तो विकत आणते. पण जयवंतला कुणाचं मन मोडवत नसे. त्याने लिहिलं, 'करवंट्या पोहोचल्या. कंपनी खूश आहे.' कंपनी खूश म्हटल्यावर वाडीला चेव चढला.

आणि मे महिन्यात उरलेली तीन पोती घेऊन जानकीबाई स्वतःच येऊन थडकल्या.

"माका ती टाकी दाखव," पाय धुवायच्या आधीच त्या म्हणाल्या. "एक पोता माझ्या हातान घालतंय."

"आये, भायरच्या माणसाक आत सोडनत नाय."

"मी भायरची? झील माझो, करवंट्यो माझ्यो!"

"खरं सांगून टाका हो," सुलक्षणा आत कुजबुजली.

"सांगतो," जयवंत म्हणाला, आणि दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर जानकीबाई पोत्यावर ठाण मांडून बसलेल्या दिसल्या. नेमकी तेव्हाच कर्णिक साहेबांची गाडी आली. हे कारखान्याचे मुख्य इंजिनियर. हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. जयवंत धावत गाडीपाशी आला आणि मान खाली घालून त्याने हळू आवाजात साहेबांना एका दमात सगळं सांगितलं. साहेबांनी पोत्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं.

"चला आजी. मी दाखवतो."

टाकी माणसाच्या दुप्पट उंच होती. साहेबांनी हवा कुठून येते, कशी वर चढते, सगळं हौसेने समजावलं. जानकीबाईंनी गाईच्या पाठीवर ठेवावा तसा टाकीवर हात ठेवला.

"साहेबानू, हो कोळसो बदललात कधी?"

"बदलतो ना. वेळच्या वेळी."

"म्हंजे कधी? पाणी गाळूचो फडको मी आठवड्यान बदलतंय. नायतर तेच्यातसूनच गढूळ पाणी गळता. हेचा पोट भरला काय पारो खय जातलो?"

साहेबांनी टाकीला बांधलेलं कार्ड उलटून पाहिलं. कोळसा दर सहा महिन्यांनी बदलायचा होता. शेवटची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची होती.

"परब, हे काय?"

"साहेब, दोनदा अर्ज दिला होता. तुम्ही म्हणालात, बघू."

"मग तिसऱ्यांदा द्यायचा!"

"तिसऱ्यांदा..." जयवंत घुटमळला. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, साहेब."

जानकीबाई वर बघत होत्या. धुराड्याचं तोंड भिंतीपलीकडे वळलेलं होतं. पलीकडे चाळीच्या गॅलरीत सुलक्षणाची पिवळी साडी वाळत होती. साहेबांनीही तिकडे पाहिलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

पारा भरायचं काम त्याच दुपारी बंद झालं. आठवड्याने नवा कोळसा आला. जुना पिंपांत सीलबंद करून हलवला. जानकीबाई लांब झाडाखाली बसून बघत होत्या. जयवंत त्यांच्याजवळ जाऊन बसला आणि एकदाचं सांगून मोकळा झाला.

"आये, तुझ्यो करवंट्यो हयसर चलनत नाय गो. कोळसो तयार येता."

"माका दिसता मा ता. मी काय आंधळी?" त्यांनी त्याच्या शर्टावरची कोळशाची भुकटी झटकली. "पण त्यो नसत्यो तर माका आत कोणी सोडल्यान असता?"

निघायच्या दिवशी त्या पुन्हा साहेबांसमोर उभ्या राहिल्या. कोळसा बदलला की दर वेळी गावी पोस्टाने कार्ड यायला हवं.

"परब लिहील ना, आजी."

"ह्याच्यार विश्वास नाय माझो. हो माझा मन राखतलो. तुमी लिवा."

सुलक्षणा पदराआड हसली. जयवंतचे कान लाल झाले.

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मुलुंडहून गावी कार्ड जाऊ लागलं. 'सौ. जानकीबाईंस सा. न. आज कोळसा बदलला. परब ठीक आहे. कर्णिक.' पोस्टमन ते अंगणात उभा राहून सगळ्या वाडीला वाचून दाखवी.

एकदाच कार्डाला पंधरा दिवस उशीर झाला. कर्णिक साहेबांच्या नावाने गावाहून तार आली. एकच शब्द होता : 'निघते.'

साहेबांनी त्याच दुपारी टाकी उघडायला लावली.