कांबळ्यांच्या घराची घटना

ग्रामपंचायतीत लिपिक असलेल्या प्रसेनजीत कांबळेनं मे महिन्यातल्या एका रविवारी ठरवलं, की आता आपल्या घराला एक घटना हवी.

कारण साधंच होतं. चहा कोरा होता. आईनं, म्हणजे सोनूबाईंनी, दूधवालीला सांगितलं होतं, "उद्यापास्नं अर्धा लिटर जादा घाल, तूप करायचंय." बायकोनं, म्हणजे संघप्रियानं, तिलाच गल्लीच्या तोंडाला गाठून सांगितलं होतं, "लेक गगनबावड्याला आजोळी गेलीया, उद्यापास्नं अर्धा लिटर कमी घाल." दूधवालीनं विचार केला, यांचं आधी काय ते ठरू दे, आणि ती आलीच नाही. (त्या सगळ्या गोंधळात शहाणी म्हणाल तर तीच.)

आता घरोघरी अशा वेळी काय होतं? दोन शब्द इकडचे, दोन तिकडचे, एखादं भांडं जरा जोरात आपटतं आणि दुपारच्या जेवणाला सगळं विसरलेलं असतं. पण प्रसेनजीत आदल्याच दिवशी तालुक्याहून शिबिर करून आला होता. पंचायतीचा कायदा नुकताच बदलला होता, गावोगावी बायका सरपंच झाल्या होत्या. शिरोली एमआयडीसीच्या मागच्या अंगाला असलेल्या त्याच्या गावातही चिमणाबाई खुर्चीवर बसल्या होत्या. म्हणून तालुक्याला शिबिर भरवून एका साहेबांनी सगळ्यांना समजावून सांगितलं, की गावाला मनात येईल ते करता येत नाही. कायद्यानं गावाला कामं नेमून दिली आहेत. दिवाबत्ती, विहिरी, गटारं, कोंडवाडा, आठवड्याचा बाजार. जे नेमून दिलंय ते पंचायतीनं करायचं, मोठं काही असेल तर ग्रामसभेला विचारायचं, आणि जे दिलेलंच नाही त्याला हात लावायचा नाही.

इतकी वर्षं नोकरी करून प्रसेनजीतला हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्याचा आवाज मोठा त्याचा अधिकार मोठा, एवढंच त्यानं पाहिलं होतं. चष्म्याचा नंबर बदलल्यावर लांबची पाटी एकदम स्वच्छ दिसावी तसं त्याला झालं. एवढी माणसं एका गावात राहतात ती कशाच्या बळावर, ते त्याला कळलं.

आणि इथं तर माणसं तीनच!

त्यानं कपबशी खाली ठेवली. समोर भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब होते. देशाची घटना लिहिता येते, मग आपल्या घराची का येऊ नये? त्यानं बाबासाहेबांच्या तसबिरीकडं आदरानं पाहिलं आणि एक मोठा कागद ओढला.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यानं दोघींना बसवून वाचून दाखवलं. घराचा कारभार 'घरमंडळ' पाहील. अध्यक्ष स्वतः प्रसेनजीत. संघप्रियाकडे चूल, गॅस, दूध, भाजी आणि दळण. सोनूबाईंकडे कोंबड्या, लोणचं, चटणी आणि सकाळची वंदना. कुणाच्याही वाट्याला न आलेला विषय मंडळाच्या बैठकीत ठरेल आणि बैठकीला तिघंही हजर पाहिजेत.

"दळण हिच्याकडं?" सोनूबाईंनी विचारलं.

"व्हय."

"आनि भाकरी?"

"चुलीतच आली की ती."

सोनूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "बरं," म्हणाल्या.

"कुणाची काय हरकत?" प्रसेनजीतनं दोघींकडं पाहिलं. कुणीच बोललं नाही.

पंचायतीच्या बैठकीत अशी शांतता पसरली की लिपिकानं काय लिहायचं असतं ते त्याच्या बोटांना पाठ होतं. त्यानं तळाला 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं आणि कागद भिंतीला चिकटवला. (पंचायतीत गप्प बसणाऱ्यांपैकी निम्मे पेंगत असतात आणि निम्मे बाहेर पारावर गेल्यावर बोलणार असतात, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. पण घरी आलेला माणूस ऑफिसातली अक्कल ऑफिसातच ठेवून येतो.)

सोमवारी प्रसेनजीतला जाग आली तेव्हा ऊन अंथरुणावर आलं होतं.

"आई! उठवलं न्हाईस?"

सोनूबाई अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. "उठवायचं कुणाकडं हाय, बघ की जरा."

त्यानं कागद पाहिला. कुणाकडंच नव्हतं. तो न्हाणीत गेला. बंब थंडगार. घंगाळ कोरडं ठणठणीत. नळाला पाणी पहाटे यायचं आणि उजाडायच्या आत जायचं. ते कोण भरतं हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता.

"संघप्रिया, पाणी?"

"सैपाकाचं भरलंय मी. न्हाणीचं माझ्याकडं न्हाय."

तांब्याभर पाण्यात तोंड खंगाळून तो ऑफिसात गेला. चिमणाबाईंनी खुर्चीतूनच त्याला न्याहाळलं.

"काय सायेब, आंगुळ इसरलासा जनू?"

"पाणी मिळालं न्हाय, बाई."

"अगं बया! आनि मी म्हनत व्हतो, आपली पंच्यात झ्याक पानी सोडतीया!"

तरी प्रसेनजीत खचला नाही. कायदा म्हटलं की दुरुस्ती आलीच. त्यानं संध्याकाळी कागदाला खाली एक पट्टी जोडली. उठवणे, पाणी भरणे, बंब पेटवणे. दुसऱ्या दिवशी कळलं, की त्याचा रुमाल खिशात कुणीतरी ठेवायचं, छत्रीची तुटलेली काडी कुणीतरी बांधून आणायचं, रात्री दाराला अडसर कुणीतरी घालायचं. पुन्हा पट्टी. भिंतीवरचा कागद खाली खाली वाढत जमिनीकडं निघाला, आणि प्रत्येक नव्या ओळीला त्याच्या मनात काहीतरी टोचत गेलं. हे सगळं होतं होय? मग ते इतके दिवस दिसलं कसं नाही?

पण टोचलं म्हणून कुणी घटना रद्द करतं का? तो पट्ट्या जोडत राहिला.

सोनूबाई मात्र कागदाबाहेर पाऊल टाकत नव्हत्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर यायच्या, आत डोकावायच्या आणि माघारी जायच्या. पूर्वी सून भाजीला फोडणी घालायची तेव्हा त्या मागून सांगायच्या, "तिखट बेतानं गं, त्याला सोसत न्हाय." सून म्हणायची, "आत्या, मला म्हाईत हाय." आता कुणी काही सांगत नव्हतं आणि कुणी काही म्हणत नव्हतं. घरात इतकी शांतता झाली, की प्रसेनजीतला वाटलं, शिबिर कारणी लागलं.

आणि मग नेसरीहून ज्ञानूमामा आला. सोनूबाईंचा धाकटा भाऊ.

प्रसेनजीत ऑफिसात घरफाळ्याच्या नोटिसा लिहीत होता. शेजारची बयाबाई धापा टाकत दारात आली.

"अवो, तुमी हितं काय करालाय? तुमचा मामा गुळाची ढेप मांडीवर घिऊन उनात पायरीवर बसलाय! आई आत हायत, पर या म्हणंनात आनि बसा म्हणंनात!"

प्रसेनजीत पळतच घरी आला. मामा खरंच पायरीवर होता. ढेपेतला गूळ उन्हानं मांडीवर पाझरू लागला होता. दाराच्या आत सोनूबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या पायाशी लुगड्यात बांधलेलं गाठोडं होतं.

"आई, मामाला आत घे की!"

"पावणं कुणाकडं हायत?"

"कुणाकडंच न्हाईत. म्हणजे मंडळाकडं."

"मग बोलीव मंडळ."

"संघप्रिया अंगणवाडीच्या मीटिंगला गेलीया."

"मग तिघं हुईत न्हाईत. तूच लिवलंयस."

मामानं कपाळाचा घाम पुसला. "आक्का, मला जरा इस्कटून सांग. भाच्याचं डोस्कं फिरलंय का तुझं?"

"कुणाचंबी न्हाय. माझं काय काय हाय ते माझ्या ल्योकानं लिवून दिलंय. कोंबड्या, लोनचं, चटनी, वंदना." सोनूबाईंचा आवाज चढला नव्हता, आणि तेच प्रसेनजीतला भयंकर वाटलं. "कोंबड्या बयाबाईला दिल्या. लोनचं-चटनी काय, बरनीत हाय. वंदना नेसरीलाबी हुतीया. आता मी तुज्यासंगं येतो नेसरीला. ऱ्हायालाच."

प्रसेनजीत मामाशेजारी पायरीवर बसला.

"आई, अगं भांडण मिटावं म्हणून केलं मी."

"भांडान व्हतं म्हनून तर सून मला इच्यारत व्हती. दूध किती घ्यायचं यावर आमी दोगी तासभर बोलायचो. तू त्याला भांडान म्हनतोस. त्यातच मला कळायचं, पोरगीला शिरा आवडतोय, हिचं डोस्कं दुकतंय, पैशाची वढ हाय. आता ती सरळ सांगून मोकळी हुतीया. मला इच्यारायचं कारनच न्हाय. कागुद हाय की."

"पर तवा तू काय बोलली न्हाईस. मी इचारलं हुतं, हरकत हाय का."

"मी गप बसलो. गप बसनं म्हंजी व्हय म्हननं का?" त्यांनी बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बोट केलं. "त्यांनी घटना लिवली तवा वरसानुवरसं समद्यांचं ऐकून घेतलं. तू च्या पिता पिता लिवलीस."

प्रसेनजीतनं वर पाहायचं धाडस केलं नाही.

एवढ्यात संघप्रिया आली. पायरीवर नवरा आणि मामा, आत गाठोडं. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. पिशवी तिथंच टाकून ती सासूजवळ गेली.

"आत्या, मलाबी न्हाय सोसत हे. तुमी आनि मी मिळून करत हुतो. आता सगळं माझ्याकडं हाय म्हणून माझ्या एकटीच्याच गळ्यात पडलंय. काल आमटी खारट झाली. तुमी चव बघाया आला असतासा तर झाली असती का?"

"कळलं हुतं मला. वासावरनंच."

"मग बोलला न्हाईसा?"

"आमटी तुज्याकडं हाय."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. मामाला काही उमगलं नाही, पण तोही हसला. हसला नाही तो एकटा अध्यक्ष.

"आता तिघं हाय," संघप्रिया पदरानं डोळे पुसत म्हणाली. "आत्या, बैठक घ्यायची काय?"

"घे. इषय काय?"

"अध्यक्षांवर अविश्वास."

प्रसेनजीत दचकला. "असं कसं? त्याला दोन तृतीयांश लागतात!"

"तिघातल्या दोघी. किती झालं?"

अविश्वासाचं हे कलम त्यानं पंचायतीच्या कायद्यातनं घरच्या कागदात जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, पुढं काय होईल याचा विचार न करता. अक्षर चांगलं होतं, जागा शिल्लक होती, म्हणून घातलं होतं. (बरेचसे कायदे असेच होत असावेत.) ठराव संघप्रियानं मांडला, सोनूबाईंनी अनुमोदन दिलं. मग सोनूबाई म्हणाल्या, "अध्यक्षच न्हाय तर मंडळ कशाला?" आणि त्याच बैठकीत घरमंडळही बरखास्त झालं. कागद भिंतीवरून निघाला, सगळ्या पट्ट्यांसकट. मामाला आत घेतलं, चहा झाला. दूध किती घालायचं यावर चुलीपाशी थोडा आवाज चढला. तो ऐकून प्रसेनजीतला इतकं बरं वाटलं, की त्यानं दोन कप चहा घेतला.

पण गाठोडं अजून दारातच होतं.

"आई, आता तर ऱ्हातीस न्हवं?"

"ऱ्हातो की. माझं घर हाय, जातो कुठं? पर ज्ञानू एवढा उनातनं आलाय, चार दिस जाऊन येतो." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "तूबी चल गं. तुजी अंगनवाडी उद्यापास्नं बंद हाय न्हवं?"

संघप्रियानं नवऱ्याला विचारलंसुद्धा नाही. ती पिशवी भरायला आत गेली.

"आनि हितलं कोण बघायचं?" प्रसेनजीतनं विचारलं.

"पंच्यात बरखास्त झाली तर तुमच्यात कोण येतंय?" मामानं विचारलं.

"प्रशासक."

"मग हो की तू."

प्रसेनजीतची छाती नाही म्हटलं तरी थोडी फुगली. प्रशासक! मंडळ नाही, बैठक नाही, सगळे अधिकार एकट्याकडे. दोघी आणि मामा एसटीनं गेले. तो दारात उभा राहून हात हलवत राहिला, अगदी कारभार हाती घेतलेल्या माणसासारखा.

सकाळी ऑफिसला निघताना त्याच्या लक्षात आलं, की कुलपाची किल्ली आईच्या कमरेच्या पिशवीतून नेसरीला गेली आहे. कुलूप दाबलं की लागायचं, पण उघडायला किल्लीच लागायची. लावून गेलं तर आत येता येणार नाही. न लावता जावं तर घर उघडं. प्रशासकानं बराच विचार केला आणि शेवटी पायरीवर बसकण मारली. बयाबाईच्या हातून त्यानं रजेचा अर्ज पाठवला. कारण खरं लिहावं म्हणून लिहिलं, 'घरी कोणीही नसल्यामुळे.'

चिमणाबाईंनी तो अर्ज शिपायाकडून मोठ्यानं वाचून घेतला, पुन्हा एकदा वाचायला लावला आणि सही करता करता बयाबाईला विचारलं,

"घरात कुनी न्हाय म्हनतोय. मग पायरीवर बसलाय त्यो कोन?"

बयाबाई थोडा विचार करून म्हणाली, "कुनी न्हाय बाई, प्रसेनजीतच हाय."