तिसरी हाक

वालावलच्या अजयने घरात जाहीर करून टाकलं होतं, की हा कॉम्प्युटर आता बसल्या जागी नाणी खणणार! आभासी नाणी. कॉम्प्युटरने आकड्यांचं कोडं सोडवायचं, उत्तर इंटरनेटवरून पाठवायचं, ते तिकडे स्वीकारलं की नाण्याचा एक कण आपला. कॉम्प्युटर ओरोसच्या एका कचेरीतून लिलावात आलेला, पंधरा वर्षांचा, गाभण म्हशीसारखा धापा टाकणारा. ती धाप घरात नको म्हणून अजयच्या बायकोने, शर्मिलाने, त्याला परसातल्या मांगरात, म्हणजे अवजारांच्या खोपटात, नांगराशेजारी बसवायला लावलं.

अजय सकाळी तो सुरू करून ओरोसची बस पकडायचा. संध्याकाळी येऊन पाहावं, तर पडदा काळा. प्रोग्रॅमच्या नोंदीत रोज एकच मजकूर: दुपारी दोन उत्तरं स्वीकारली, नंतर मशीन बंद. अजयने पंख्यातून धूळ आणि पालीचं वाळकं अंडं काढलं. प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली. स्टॅबिलायझर आणला. पण दोन उत्तरं झाली की बंद, तिसरं काही होईना. हे इतकं नेमकं होतं, की अजयला मांगरात एकटं बसणं आवडेनासं झालं.

इकडे घरात दाजींचं, म्हणजे अजयच्या वडिलांचं, वेगळंच सुरू होतं. शर्मिला अंगणवाडीत गेली, की दुपारी घरात ते एकटेच. त्यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या. दुपारचं जेवण सोडलं. मग एक दिवस गाय शेजारी नेऊन बांधली आणि "आता तुमीच बघा हिका" असं सांगून आले. शर्मिलाने खोदून विचारलं, तेव्हा हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसे म्हणाले, "सीता बोलावता माका. मांगरातसून. 'ये' म्हणता."

सीताबाई, अजयची आई, गेल्या श्रावणात वारली होती.

आता गावात हे सर्वांना ठाऊक असतं, की दिसत नसलेल्या माणसाची हाक आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. भूत दोनच हाका मारतं; तिसरी मारतो तो आपला माणूस. दाजींना रोज दोन हाका येत होत्या. तिसरी आली, की ओ देऊन ते जाणार होते. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही.

शर्मिलाने हे सांगितल्यावर अजयने म्हातारपणाला दोष दिला आणि सोमवारी दाजींना कुडाळच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. शनिवारी दोघांनाही सुट्टी होती. सकाळी त्याने कॉम्प्युटरची एक बाजू उघडी करून समोर टेबलफॅन लावला. मशीन असं चाललं, की जणू कालच कारखान्यातून आलंय!

दुपारी बारा वाजता दाजी आंघोळ करून, इस्त्रीचं धोतर नेसून घरापुढच्या खळ्यात बसले होते. वारा पडला होता. माडाचं एक पातं हलत नव्हतं. आणि मांगरातून आवाज आला, बाईचा, विहिरीच्या तळातून यावा तसा: "येऽऽऽ."

शर्मिलाने अजयचं मनगट धरलं. थोड्या वेळाने पुन्हा: "येऽऽऽ."

दाजी उठले.

तेव्हा अजयला आठवलं. प्रोग्रॅममध्ये 'आवाज' नावाचा एक चौकोन होता, त्याने तो तसाच, टिक केलेला सोडला होता. उत्तर स्वीकारलं गेलं, की एक मुलगी इंग्रजी थाटात, आनंदाने "ये!" ओरडते. कामाने पिचलेलं मशीन त्या ओरडण्याला ताणून ताणून विव्हळायला लावत होतं. पहिलं उत्तर यायलाच तीन तास लागत, आणि तोवर अजय कचेरीत! त्याला हसू फुटलं. दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं. मशीन दुरुस्त झालं होतं. आज तिसरं उत्तर येणार होतं.

तो धावला, पण दाजी मांगराच्या दारात पोचले होते.

"दाजी, ती आये नाय! कॉम्प्युटर आसा तो."

"तूच सांगलंस मां, ता खणता म्हणान? खणल्यावर भायर काय येतला, ता तुका काय ठावक?"

स्पीकर खरखरला. दाजींनी काठी सावरली आणि मऊ आवाजात ओ दिली, "इलंय गो."

"बूऽऽऽ," मशीन म्हणालं.

टेबलफॅन फिरत राहिला. दाजींनी काठी मशीनकडे रोखली. त्यांनी विचारलं, "ह्या काय?"

अजयने पडद्यावरची लाल अक्षरं वाचली. उत्तर पोचायला वेळ लागला होता, म्हणून त्या मुलीने हुर्यो उडवली होती. "नाकारला म्हणान लिवलेला आसा," तो म्हणाला. "उशीर झालो."

"उशीर," दाजी पुटपुटले. "ह्या बोलणा मात्र तिचाच." मग मागे वळून म्हणाले, "वाढ गो, शर्मिला. ती रुसली म्हणजे आता चार दिस बोलाची नाय."

अजयने त्याच दिवशी आवाज बंद केला, स्पीकर काढून कपाटात कुलपात ठेवला. मशीन मुकाट चालू लागलं. दाजी जेवू लागले, गोळ्या घेऊ लागले, आणि गाय परत मागायला त्यांनी अजयलाच पाठवलं.

गेल्या मंगळवारी अजय कामावरून आला, तर दाजी खुशीत दिसले. "आज बोलली," म्हणाले.

अजयने कपाट उघडलं. स्पीकर तिथेच होता, वायर गुंडाळलेली. मांगरात मशीन बंद होतं. सकाळपासून गावात वीजच नव्हती. तो परत येऊन दाजींजवळ बसला.

"काय म्हणाली?"

"'ये' नाय. 'खंय मेलंस' म्हणाली, जिती होती तेवासारखा. तेवा माका पटला, हीच ती. वायच थांब, म्हटलंय, पेज जेवतंय आणि बघतंय."

"आणि... कितीदा हाक मारल्यान?"

दाजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"रागान बोलावता तेवा मोजूक कोण बसता रे?"