तेओफिलची पाळी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि न्यू ऑर्लिन्समधली एक खाणावळ मनात आणा. कोपऱ्यात तीन म्हातारे जॅझ वाजवताहेत. अल्सीडकडे ट्रंपेट, रेमंडकडे त्याच्याहून उंच, बास नावाचं तंतुवाद्य, डेल्मारकडे ड्रम. जॅझमध्ये प्रत्येकाची पाळी येते. तेवढ्यापुरता तो एकटा रंगतो आणि पाळी संपली की लोक टाळ्या वाजवतात.

चौथी खुर्ची रिकामी होती. ती क्लॅरिनेटवाल्या तेओफिलची. मागच्याच महिन्यात त्याला वाजतगाजत कबरीपर्यंत पोचवून आले होते. अल्सीडनं ठरवून टाकलं, त्याची पाळी दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. ती आली, की तिघांनी थांबायचं आणि मान खाली घालायची.

रविवारी ते थांबले. लोकांना वाटलं, गाणं संपलं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात ट्रंपेट पुन्हा गरजलं आणि एका गृहस्थाच्या मांडीवर गंबोचं गरम कालवण सांडलं. पुढच्या गाण्यात लोक सावध झाले, कुणी चमचासुद्धा हलवेना. डेल्मारची मान मात्र जरा जास्तच खाली गेली. एका बाईनं किंचाळून रुग्णवाहिका बोलावली.

स्ट्रेचर आत आलं, तेव्हा डेल्मार जागा झाला. "कोण गेलं?"

"माझं गिऱ्हाईक गेलं!" मालकीण जर्मेनबाई कडाडल्या. "अल्सीड, पुढच्या रविवारी त्या जागेवर कुणीतरी बसव. नाहीतर गाशा गुंडाळा!"

"जन्मभर तो माझ्या उजव्या हाताला बसला, जर्मेन."

"अरे, पण आता तो वाजवत नाहीये!"

"तुला ऐकू येत नाही, एवढंच."

पुढच्या रविवारीही खुर्ची रिकामीच होती. समोर तेओफिलची नात ओडेट भात-राजमा खात बसली होती. जर्मेनबाई हाताची घडी घालून दारात उभ्या. तेओफिलची पाळी आली. तिघं थांबले. हा आपला इथला शेवटचा रविवार, हे अल्सीडला कळून चुकलं होतं.

एका गृहस्थानं टाळीसाठी हात उचलले, तशी ओडेट आपल्या खुर्चीवर चढली.

"श्श! माझे आजोबा वाजवताहेत."

गृहस्थानं हात खाली घेतले. अल्सीडनं डोळे मिटले. नेहमीच्या जागी तेओफिलचा सूर किंचित घसरला, तसा अल्सीड गालात हसला.

आणि त्यानं ट्रंपेट ओठांना लावायच्या आत, अगदी बरोबर जागेवर, ओडेटनं जोरजोरात टाळ्या वाजवल्या.